नळाला पाणी आहे तोवर : मायस्थेनिया ग्रॅव्हिससोबत राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत गणित शिकवते. २०१३ पासून मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. दवाखान्याच्या बाकावर, फोनवर, लग्नाच्या पंगतीत लोकांनी जे विचारलं आणि सुरुवातीला मी स्वतः रात्री-अपरात्री ज्याची उत्तरं शोधली, ते प्रश्न इथे आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी किती गोळ्या घ्याव्यात हे इथे मिळणार नाही. ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. गोळ्यांच्या मधल्या वेळात जगायचं कसं, एवढंच मला थोडंफार कळलंय.

हा आजार नेमका काय आहे?

हात उचलायचा म्हटलं की मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत जातो. नस आणि स्नायू यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. निरोप ती फट ओलांडतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या पाठीवर बसून. स्नायूच्या बाजूला हे रसायन झेलणाऱ्या जागा असतात. आपल्या आजारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती या जागांवर उठते, काही अडवते, काही मोडून टाकते. म्हणजे नस धड, स्नायूही धड, बिघाड फक्त दोघांच्या जोडणीत. पहिले काही निरोप कसेबसे पोचतात, पुढचे पोचेनासे होतात. म्हणून या आजाराची खूण एकच : वापराल तसा स्नायू थकतो, थांबलात की पुन्हा चालू लागतो.

पापण्या, डोळे फिरवणारे स्नायू, चावणं, गिळणं, बोलणं, मान, खांदे, मांड्या आणि श्वास ही त्याची आवडती ठिकाणं. बधिरपणा येत नाही, मुंग्या येत नाहीत, बुद्धीला काही होत नाही. दर दहा लाख माणसांत साधारण दीडशे ते दोनशे जणांना तो असतो. बायकांना बहुधा चाळिशीच्या आत गाठतो, पुरुषांना पन्नाशी-साठीनंतर. अर्थात कुणालाही, कधीही होऊ शकतो. अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात तो झाला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. नातेवाइकांना आजाराचं नाव समजावून सांगताना या एका वाक्याचा मला फार उपयोग झाला.

१६७२ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने एका बाईबद्दल लिहून ठेवलंय. ती नीट बोलायची, पण बराच वेळ किंवा घाईने बोलली की माशासारखी मुकी व्हायची, आणि तास-दोन तास गेल्याशिवाय तिची वाचा परत येत नसे. चौथ्या तासाला माझं अगदी हेच व्हायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती बाई मला मैत्रिणीसारखी वाटते.

निदान व्हायला इतका वेळ का लागतो?

कारण आपण डॉक्टरांकडे सकाळी जातो आणि सकाळी आपण ठणठणीत असतो.

माझं सगळं डोळ्यांपासून सुरू झालं. संध्याकाळी वह्या तपासताना एका ओळीच्या दोन ओळी दिसायच्या. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मग डावी पापणी उतरायला लागली. सहकारी शिक्षिका म्हणाल्या, झोप होत नाही वाटतं. त्यानंतर आवाज गेंगाणा झाला, पाणी पिताना नाकातून यायला लागलं. एका डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट चाळले आणि माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं, "यांना जरा फिरायला घेऊन जा." आम्ही गेलोसुद्धा. गडाच्या बाराव्या पायरीवर मी बसले ती उठलेच नाही.

शेवटी ओळखलं ते एका तरुण डॉक्टरने, तेही संध्याकाळच्या ओपीडीत. त्यांनी मला नुसतं छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या खाली. मग बर्फाची पिशवी दोन मिनिटं पापणीवर ठेवली आणि पापणी वर गेली. गारव्यात ही जोडणी जरा बरी चालते, म्हणून ही साधी युक्ती लागू पडते. पुढे रक्ताची अँटीबॉडी टेस्ट, नसेला विजेचे हलके धक्के देऊन करतात ती आरएनएस टेस्ट आणि छातीचा सीटी स्कॅन झाला.

एक लक्षात ठेवा. अँटीबॉडी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही असं होत नाही. अंगभर पसरलेल्या आजारात सुमारे ८५ टक्के लोकांत नेहमीची, म्हणजे ॲसिटिलकोलीन झेलणाऱ्या जागांवर उठणारी, अँटीबॉडी सापडते. नुसत्या डोळ्यांच्या आजारात जेमतेम निम्म्यांत. काहींमध्ये मस्क नावाची वेगळीच अँटीबॉडी असते, तिची तपासणी वेगळी मागावी लागते. आणि संशय असेल तर संध्याकाळचा फोटो काढून ठेवा. सकाळी नऊचा एक, रात्री नऊचा एक, आठवडाभर. माझ्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा मोबाइलमधले ते चौदा फोटो जास्त बोलले.

'ग्रॅव्हिस' म्हणजे गंभीर ना? मग किती दिवस?

नाव जुनं आहे. ते पडलं तेव्हा उपचार नव्हते आणि आजार खरोखरच जीव घ्यायचा. १९३४ साली लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये सेंट अल्फेजेस हॉस्पिटलात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांना वाटलं, या रुग्णांची अवस्था क्युरारेची, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाची, बाधा झालेल्यांसारखी दिसते. मग क्युरारेवरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, देऊन बघू. दिला, आणि पडलेली पापणी डोळ्यांदेखत उचलली गेली. आपण आज घेतो ती गोळी, पायरिडोस्टिग्मिन, त्याच घराण्यातली. आज उपचार घेणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य चारचौघांइतकंच असतं. पूर्ण बरा होतो का, याचं उत्तर 'बहुधा नाही' असं आहे. पण औषधांवर वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहणारे पुष्कळ आहेत.

गोळी वेळेवर घ्या म्हणतात. थोडं मागेपुढे झालं तर काय बिघडतं?

आमच्या भागात नळाला सकाळी साडेसहा ते आठ पाणी येतं. त्या दीड तासात पिण्याचं भरायचं, कपडे धुवायचे, टाकी भरून घ्यायची. आठनंतर तोटी पिरगाळून उपयोग नसतो आणि त्याबद्दल नळाला कुणी आळशी म्हणत नाही.

पायरिडोस्टिग्मिनचं असंच आहे. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात पाणी येतं, तीन-चार तास राहतं, मग धार बारीक होत जाते. ही गोळी आजार बरा करत नाही, फटीतलं ॲसिटिलकोलीन लवकर मोडू देत नाही, एवढंच तिचं काम. म्हणून ती कधी घेतली यालाच किंमत आहे. मी जेवणाआधी पाऊण तास घेते, म्हणजे चावायच्या वेळी जबड्यात जोर असतो. सोबत बिस्किट किंवा थोडं दूध. रिकाम्या पोटी घेतली की पोटात कळ येते.

पहिलं वर्षभर मी गोळीचं पाणी आलं की आनंदाने सगळं घर काढायचे. भांडी, जाळ्या, माळा. दुपारी मग जमिनीवर. आता सकाळच्या धारेत फक्त ज्याला दुसरा कुणी नाही ती कामं : आंघोळ, शाळा, जेवण. दोरीवर कपडे वाळत घालणं, वरच्या फळीवरचे डबे, कणीक तिंबणं ही हात वर धरायची किंवा जोर लावायची कामं मी इतरांना दिलीत. स्टँड आणलाय, दोरी काढून टाकली. वेणी बसून घालते, कोपर टेबलावर टेकवून. केस कापून टाकले असते तर सोपं होतं, पण तेवढा हट्ट मी ठेवलाय.

गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका. जास्त झाली तरी अशक्तपणाच येतो, वर जुलाब, घाम, तोंडाला सुटणारी लाळ आणि फडफडणारी पापणी. अशक्तपणा कमी गोळीचा की जास्तीचा, हे बाहेरून ओळखणं कठीण. म्हणून डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही.

स्टेरॉइडची फार भीती वाटते. नाही घेतलं तर?

भीती वाटणं बरोबर आहे. मी घेतलं. चेहरा पुरणपोळीसारखा फुगला, साखर वाढली, रात्री दोनला भूक लागायची. पण वर्षभराने मी पुन्हा फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत लिहू लागले.

दोन गोष्टी मला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. मोठ्या डोसने सुरुवात केली तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत आजार आधी बिघडू शकतो. त्या दिवसांत एकटं राहू नका. आणि स्टेरॉइड एकदम कधीच बंद करायचं नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, म्हणून पायरी-पायरीनेच उतरावं लागतं. सकाळी खाल्ल्यावर घ्या, मीठ-साखर हात राखून, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा.

स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं देतात. अझाथायोप्रिनचा गुण यायला सहा महिने ते वर्ष लागतं. पुष्कळ जण चौथ्या महिन्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडतात. तेवढं करू नका. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या मात्र ठरल्या दिवशी झाल्याच पाहिजेत.

छातीतली ग्रंथी काढायला सांगितलीय. आजार नसांचा, ऑपरेशन छातीचं, असं का?

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगप्रतिकारशक्तीच्या काही पेशी तिथे शिकून बाहेर पडतात. आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत चुकीचं शिक्षण तिथेच मिळालेलं असतं. दर शंभरात दहा-पंधरा जणांना तिथे थायमोमा नावाची गाठ असते. गाठ असेल तर सहसा ती काढावीच लागते. गाठ नसतानाही ऑपरेशनचा उपयोग होतो का, यावर फार वर्षं वाद होता. २०१६ साली १२६ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ऑपरेशन झालेल्यांना तीन वर्षांत लक्षणं कमी राहिली आणि स्टेरॉइडही कमी लागलं. मात्र ते सगळे अंगभर आजार असलेले, नेहमीची अँटीबॉडी असलेले आणि पासष्टीच्या आतले होते. मस्कवाल्यांना तो निकाल लागू नाही. गुण सावकाश येतो. मला ऑपरेशननंतर दीड वर्षाने कळलं की गेल्या महिन्यात आपण एकदाही हनुवटीला हात लावून जेवलो नाही.

साध्या आजारावर कोणती औषधं चालत नाहीत?

या पानावरचं फक्त एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्याकडे सर्दी झाली, जुलाब झाले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या येतात. २०१५ च्या पावसाळ्यात मला जुलाब लागले. घरच्यांनी नेहमीची जुलाबाची पिवळी गोळी आणून दिली, तिच्यात ओफ्लॉक्सासिन होतं. दोन गोळ्यांनंतर माझी मान उभी राहीना. त्यानंतरचे सहा दिवस आयसीयूत गेले. दुकानदाराची चूक नव्हती, त्याला माहीतच नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशी 'फ्लॉक्सासिन'ने संपणारी नावं दिसली की थांबा. खोकल्यावर सर्रास देतात ते अझिथ्रोमायसिन आणि त्याच्या गटातलं एरिथ्रोमायसिन. इंजेक्शनमधलं जेंटामायसिन, अमिकासिन. शिरेतून देतात ते मॅग्नेशियम. मलेरियावरचं क्विनाइन. रक्तदाब, धडधड किंवा अर्धशिशीसाठी दिलेले प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. थेंब डोळ्यात टाकतो म्हणून ते अंगात जात नाहीत असं नाही. सुरकुत्यांवरचं बोटॉक्स तर विसराच.

यांतली काही औषधं वेळ आली तर डॉक्टर जाणूनबुजून, लक्ष ठेवून देतात. जीव वाचवायला अँटिबायोटिक लागलं तर लागलं. ते परस्पर घ्यायचं नाही एवढंच. तापाला पॅरासिटॅमॉल चालतं. दाताच्या कामासाठी लिडोकेनची भूल सहसा चालते, पण डेंटिस्टला आजाराचं नाव सांगा आणि अपॉइंटमेंट गोळीनंतरच्या तासात घ्या. भुलीचं कुठलंही मोठं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आधी भेटा, ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे.

तापच मुळात आजार बिघडवतो. म्हणून फ्लूची लस दरवर्षी घेते. स्टेरॉइड किंवा अझाथायोप्रिन चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी मात्र घेत नाहीत, तेव्हा कुठलीही लस विचारूनच.

जेवताना घास अडकतो. काय खावं?

भाकरी सोडावी लागली याचं मला आजाराच्या नावापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. खरं तर सोडावी लागत नाही, कुस्करावी लागते. गरम दुधात किंवा आमटीत मुरलेली भाकरी, मऊ भात-मेतकूट-तूप, पिठलं, मुगाची खिचडी, दही-भात, शिरा, केळं. सुके चिवडे, पापड, कोरडी चटणी, भाजलेले दाणे यांनी ठसका लागतो. नुसत्या पाण्यानेही लागतो, तेव्हा ताक किंवा जरा दाट सूप सोपं पडतं. वाफाळतं जेवण चावताना जबडा लवकर दमतो, कोमट बरं. मी जेवणाआधी बर्फाचा एक खडा चोखते. कुणी शिकवलं नाही, पण मला उपयोग होतो.

मोठं जेवण दुपारी, रात्री थोडं. हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायचं. जेवताना गप्पा नाहीत, आणि हे आमच्या घरात सर्वांत कठीण गेलं. सुरुवातीला सासूबाईंना वाटलं मी रुसलेय. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांना मी आता सरळ सांगते, "जबडा संपला." लोक हसतात आणि पुढच्या पानाकडे जातात.

सलग दोन-तीन दिवस घास नाकात येतोय, लाळ गिळता येत नाहीये असं झालं तर हा आहाराचा प्रश्न उरत नाही. खाली दम लागण्याबद्दल लिहिलंय ते वाचा.

उपवास?

मी सोडले. गोळी रिकाम्या पोटी जात नाही, स्टेरॉइड तर नाहीच, आणि साबुदाण्याची खिचडी हा जबड्याचा व्यायाम आहे. एकादशीला दूध-केळं घेऊन गोळी घेतली तर विठ्ठलाची हरकत असल्याचं अजून कळलेलं नाही.

नोकरी चालू ठेवता येईल का?

बहुतेकांना येते, पण तीच नोकरी त्याच पद्धतीने नाही. मी मुख्याध्यापकांना पत्र दिलं, सोबत डॉक्टरांचं एक पान. मागितलं एवढंच : वर्ग तळमजल्यावर, माझे तास सकाळी, दोन तासांमध्ये एक मोकळा. कमरेला लावायचा छोटा माइक मी स्वतः घेतला. आवाज चढवावा लागत नाही म्हणून तो दोन तास जास्त टिकतो. मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, पापणी पडली की बाई झोपलेल्या नाहीत. नववीतल्या एका मुलाने त्यावर आलेख काढून दाखवला होता, वेळ विरुद्ध पापणीची उंची. बरोबर होता.

दुहेरी दिसत असेल तर दुचाकी चालवायची नाही. एक डोळा झाकला की दुहेरी जातं, पण अंतराचा अंदाजही जातो. वाचताना, टीव्ही बघताना चष्म्याच्या एका काचेवर चिकटपट्टी लावणं ठीक आहे. रस्त्यावर नको.

घरचे म्हणतात, "काल तर चांगली होतीस."

होते. हाच तर आजार आहे.

यावर माझ्याकडे सुंदर उत्तर नाही. आजार दिसत नाही, आणि जेव्हा दिसतो तेव्हा तो आळसासारखा, रुसल्यासारखा किंवा दारू प्यायल्यासारखा दिसतो. चेहऱ्याचे स्नायू थकले की हसायला गेलं तरी ओठांचे कोपरे वर जात नाहीत, समोरच्याला वाटतं तुसडेपणा करतेय. पुतण्याच्या साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी कुणावर तरी चिडलेली आहे.

आम्ही घरात एक पद्धत लावली. फ्रिजवर चार चुंबकं, त्यांना आम्ही बादल्या म्हणतो. सकाळी मी अंदाजाने लावते, आज चार की दोन. काम झालं की एक काढते. बोलून दाखवावं लागत नाही, विचारावंही लागत नाही. सासूबाई आता येता-जाता फ्रिजकडे बघतात आणि एक चुंबक उरलं असेल तर स्वतःच कुकर लावतात. त्यांनी आजाराचं नाव अजून एकदाही नीट उच्चारलेलं नाही. "ते पाण्याचं" म्हणतात.

नवऱ्यांसाठी, मुलांसाठी एक सांगते : "मनाने घे, होईल" हे वाक्य बंद करा. इथे मन लावलं की स्नायू जास्त लवकर संपतो. त्याऐवजी खुर्ची सरकवा.

व्यायाम आणि योगासनं?

आजार आटोक्यात असेल तर हलका व्यायाम चांगलाच. गोळीनंतरच्या तासात वीस मिनिटं चालणं, मध्ये थांबायची मुभा ठेवून. दमल्यावर पुढे रेटायचं नाही. तास-दोन तासांच्या विश्रांतीने भरून निघाला तेवढा व्यायाम योग्य, दुसऱ्या दिवसापर्यंत पुरला तो जास्त. श्वास कोंडून धरायचे प्रकार मी करत नाही. कढत पाण्याची आंघोळ आणि एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन दोन्ही टाळा. विदर्भातली माझी मैत्रीण उन्हाळ्यात ओला पंचा मानेवर ठेवूनच बाहेर पडते.

दम लागला तर धावपळ कधी करायची?

एका दमात, साध्या आवाजात, आकडे मोजा. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. तुमचा चांगल्या दिवसाचा आकडा आजच लिहून ठेवा. तो रोज घसरत असेल तर डॉक्टरांना फोन. विसाच्या आत आला, आडवं पडल्यावर जीव घाबरा होतोय, उशीवरून मान उचलत नाही, लाळ गिळता येत नाही, खोकला पोकळ झालाय, यांतलं काहीही असेल तर फोन नाही, थेट हॉस्पिटल. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. व्हेंटिलेटर असलेलं, न्यूरॉलॉजिस्ट असलेलं सर्वांत जवळचं हॉस्पिटल कुठलं हे आज, बरं असताना, शोधून ठेवा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. फुप्फुसं धड असतात, दमतो तो भाता, म्हणजे श्वासाचे स्नायू. त्यामुळे ऑक्सिजन ९७ दिसत असतानाही माणूस बुडायला लागलेला असू शकतो. कॅज्युअल्टीत हे सांगायची वेळ माझ्या नवऱ्यावर आली होती.

तिथे बहुधा आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, शिरेतून) देतात किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलतात. दोन्हींचा गुण काही दिवसांत दिसतो आणि काही आठवडे टिकतो. व्हेंटिलेटरचं नाव काढलं की नातेवाईक रडायला लागतात, पण आपल्या आजारात तो बहुतेकदा थकलेल्या स्नायूंना दिलेली सुट्टी असते. मी चार दिवसांनी बाहेर आले.

लग्न ठरतंय. सांगावं का? मुलांना होईल का?

सांगावं. लपवलेली गोळी दिवसातून चार वेळा घेता येत नाही.

आजार अशा अर्थाने आनुवंशिक नाही. जन्मजात मायस्थेनिया हा जनुकांतून येणारा वेगळा आजार आहे. मूल होऊ देता येतं, पण आधी ठरवून. मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहेत, ती दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी बदलावी लागतात. बाळंतपण अशा ठिकाणी करा जिथे न्यूरॉलॉजिस्ट आणि बाळांचा आयसीयू आहे. दर शंभरात दहा-वीस बाळांना आईच्या अँटीबॉडीमुळे काही आठवडे अशक्तपणा राहतो, दूध ओढता येत नाही, मग तो आपोआप जातो. गरोदरपणात रक्तदाब वाढला तर झटके येऊ नयेत म्हणून सर्रास मॅग्नेशियम देतात. ते आपल्याला धोक्याचं आहे. हे फाइलवर लाल शाईने लिहून घ्या.

पैसे, विमा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र?

रोजच्या गोळ्या मध्यमवर्गाला परवडतात. आयव्हीआयजीचा एक कोर्स मात्र लाखांत जातो. विमा घेताना आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, लपवलात तर क्लेम कायमचा अडकू शकतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होताना हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स नावाने आहेत, मायस्थेनिया नावाने नाही. त्यामुळे तपासणीत प्रत्यक्ष किती कमजोरी दिसते यावर सगळं येतं. ती तपासणी असते सकाळी अकराला, आणि सवलतींसाठी ४० टक्के लागतात. गोळी घेऊन तासाभरापूर्वीच घरून निघालेला मायस्थेनियाचा रुग्ण अकराला बोर्डासमोर ताठ उभा असतो. मोबाइलमधले संध्याकाळचे फोटो आणि आयसीयूची डिस्चार्ज समरी सोबत न्या. माझा अर्ज एकदा परत आलाय, दुसरा मी अजून भरलेला नाही.

आयुर्वेदिक काढे, 'इम्युनिटी वाढवणारं' काही?

आपली इम्युनिटी कमी नाही, नको तिथे जास्त आहे. गुळवेल, अश्वगंधा प्रेमाने आणून देणाऱ्यांना मी हेच सांगते. कोविडच्या काळात गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती, आणि अझाथायोप्रिन आधीच यकृतावर ओझं टाकत असतं. घ्यायचंच असेल तर लपवून घेऊ नका.

पाकिटातल्या कार्डावर काय लिहू?

माझ्या कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत एवढंच आहे :

'मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. बोलणं अडखळत असेल, पापणी पडली असेल तर मी नशेत नाही. श्वासाला त्रास होऊ शकतो, ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसला तरी श्वासाची ताकद तपासा. मॅग्नेशियम, जेंटामायसिन, अमिकासिन, अझिथ्रोमायसिन आणि सर्व फ्लॉक्सासिन न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. माझं स्टेरॉइड एकदम बंद करू नका.'

मागच्या बाजूला घरचे दोन नंबर, न्यूरॉलॉजिस्टचा नंबर, चालू औषधं आणि तारीख. औषध बदललं की कार्ड बदला. आणि लॅमिनेट करून घ्या. माझं पहिलं कार्ड जुलैच्या पावसात पर्ससकट भिजलं होतं. नेमके 'देऊ नका' हे दोनच शब्द पुसले गेले होते.